थीम पार्कची ट्रिप: भारी हॉटेल घ्यायचं की एक दिवस वाढवायचा?

मुलं सहा ते बारा वयाची असली की सुट्टीच्या आधी हा वाद घरात होतोच. एकाचं म्हणणं, "अहो, खोलीत नुसतं झोपायलाच तर जायचंय, कशाला दहा-बारा हजार घालवायचे?" आणि दुसऱ्याचं, "वर्षातून एकदा बाहेर पडतो, तेव्हा तरी जरा बऱ्या ठिकाणी राहू, हवं तर एक दिवस कमी करू." गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात, कारण दोघांच्या डोक्यात वेगवेगळी ट्रिप असते. पुण्याहून खोपोलीला इमॅजिकाला जायचं असेल तर गणित एक, आणि मुंबईहून विमान पकडून सिंगापूर, अबुधाबी किंवा थेट ऑर्लँडोला जायचं असेल तर गणित पूर्ण उलटं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पैसे आधी दिवसांवर घालायचे, पण पार्क बघायला लागतात तेवढ्याच दिवसांवर. उरले तर हॉटेलवर, आणि हॉटेलमध्येही आधी अंतर बघायचं, मग बाकीचा थाटमाट.

म्हणून पहिलं काम बजेट काढायचं नाही. पार्कला खरोखर किती दिवस लागतात ते काढायचं. इमॅजिकाचंच घ्या. थीम पार्क २०१३ ला सुरू झालं, वॉटर पार्क २०१४ ला आलं, स्नो पार्क नंतर, आणि तिघांची तिकिटं वेगवेगळी. एक दिवस राइड्स, एक दिवस पाणी, संपला विषय. तिसऱ्या दिवशी काय, परत नायट्रो रोलर कोस्टरच्या लायनीत उभं राहायचं? घरात पंधरा-सोळा वर्षांचं कार्टं असेल तर ते म्हणेल हो, पण बाकीचे चौघं काय करणार. त्यामुळे इथे दिवस वाढवण्यात अर्थच नाही, दोन दिवस एक रात्र पुरते, आणि एकच रात्र असेल तर ती चांगल्या खोलीत काढायला हरकत काय? पार्कला लागूनच नोवोटेल आहे. लोणावळ्यात त्याच्यापेक्षा स्वस्त खोल्या ढिगाने मिळतात हे खरं, पण शनिवारी संध्याकाळी दिवसभर पाण्यात खेळून ओले टॉवेल डिकीत टाकून, मागच्या सीटवर पेंगणारी पोरं घेऊन घाट चढायचा आणि सकाळी परत उतरायचा, हे दोन-तीन हजार वाचवण्यासाठी करायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही करणार. त्यापेक्षा सकाळी पुण्यातून लवकर निघून रात्री घरी यावं, ती ट्रिप सगळ्यात स्वस्त आणि झोप आपल्याच गादीवर.

वंडरलाचं पण असंच. बंगळुरूचं वंडरला म्हैसूर रोडवर बिडदीजवळ आहे, जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या राइड्स एकाच तिकिटात, त्यामुळे एक भरगच्च दिवस. आवारातच त्यांचं रिसॉर्ट आहे. बंगळुरूला शहरात राहून तिथे जायचं तर तिथल्या ट्रॅफिकमध्ये सकाळ जाते, म्हणून पार्कच्या आदल्या रात्री तिथेच राहा आणि मग म्हैसूरला पुढे जा. हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत सितारा आणि तारा अशी दोन हॉटेलं आतच आहेत, सितारा महाग, तारा त्यातल्या त्यात खिशाला परवडणारं. फिल्म सिटी शहराच्या बऱ्याच बाहेर असल्यामुळे इथे मी तारा घेईन, कारण आत असण्याचा फायदा दोन्हीकडे तोच.

आता परदेश. सिंगापूरचं युनिव्हर्सल एका दिवसात होतं, ते ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथलं बाकीचं धरून फार तर दोन. हाँगकाँग डिस्नेलँड एक ते दोन दिवस. अबुधाबीच्या यास आयलंडवर मात्र फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स, सीवर्ल्ड आणि यास वॉटरवर्ल्ड अशी चार पार्कं शेजारी-शेजारी, आणि वॉटरवर्ल्ड सोडलं तर बाकीची तिन्ही छताखाली एसीत, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे आग ओकत असली तरी निभावतं. ऑर्लँडो तर विचारू नका. डिस्नेची चार मोठी पार्कं, युनिव्हर्सलची जुनी दोन आणि २०२५ ला उघडलेलं एपिक युनिव्हर्स, शिवाय वॉटर पार्कं. आठवडा गेला तरी काहीतरी राहतंच.

दुसरं काम, एका जादा दिवसाची खरी किंमत काढायची. इथे बरेच लोक फक्त खोलीचं भाडं धरतात. समजा चौघांचं कुटुंब, साधी खोली ४,५०० ची आणि भारी खोली ११,००० ची. आता जीएसटी धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे साधी खोली ४,७२५ आणि भारी १२,९८०, एका रात्रीचा फरक ८,२५५. दोन रात्रींचा १६,५१०. आणि साध्या खोलीतच एक दिवस वाढवला तर? खोली ४,७२५, तिकिटं समजा दीड हजाराने चौघांची ६,०००, खाणंपिणं अडीच हजार, टॅक्सी हजार, झाले १४,२२५. म्हणजे दोन रात्री भारी हॉटेलच्या नादात जेवढे जादा जातात त्यात एक अख्खा दिवस बसतो आणि वर दोन हजार उरतात. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका, पण मांडणी अशीच करा. आणि एक सांगते, खोली बघताना ७,५०० ची रेषा लक्षात ठेवा. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,८०० ची ९,२०४ ला. वर दिसणारा फरक चारशेचा, खिशातून जाणारा चौदाशेचा.

परदेशात ही बेरीज आणखीच दिवसांच्या बाजूने झुकते. डिस्नेची तिकिटं जितक्या जास्त दिवसांची घ्याल तितका दिवसामागचा दर खाली येतो, म्हणजे चौथा-पाचवा दिवस पहिल्या दिवसाइतका महाग नसतो. आणि विमानाचं भाडं, व्हिसा, मुंबई एअरपोर्टची कॅब, हे सगळं तुम्ही तीन दिवस राहा नाहीतर आठ, तेवढंच लागणार. म्हणून माझा साधा ठोकताळा: जायला जितका खर्च जास्त तितके दिवस वाढवा, हॉटेल साधं घ्या. खोपोलीला पुढच्या वर्षी परत जाता येतं. ऑर्लँडोला परत कधी? लेक-जावई न्यू जर्सीत असले तरी तिथून ऑर्लँडो काही हाकेच्या अंतरावर नाही, आणि नातवंडं एवढी लहान पुन्हा असणार नाहीत.

टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करता येतो हे खरं, पण तोपर्यंत पैसे अडकतात, तेव्हा हॉटेल चढवताना तोही धरून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे महाग हॉटेल कधी खरंच परवडतं. उत्तर सोपं आहे, जेव्हा ते तुम्हाला पार्कात वेळ मिळवून देतं. ऑर्लँडोला डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहिलं की पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात, आणि हा अर्धा तास त्यांच्या सगळ्यात स्वस्त हॉटेलवाल्यालाही मिळतो, सगळ्यात महागवाल्यालाही. म्हणजे सकाळसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. काही ठराविक रात्री उशिरापर्यंत आत थांबायची सोय मात्र वरच्या दर्जाच्या हॉटेलांनाच असते, पण आठ वर्षांचं पोर रात्री अकराला जागं राहणार आहे का ते आधी बघा. डिस्नेचंच स्वस्तातलं पॉप सेंच्युरी हॉटेल केबल कारने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या त्यांच्या दोन पार्कांना जोडलेलं आहे, मी असल्या हॉटेलला डोळे झाकून हो म्हणेन.

युनिव्हर्सलला उलटं. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांच्या भाड्यात दोन जुन्या पार्कांचा एक्सप्रेस पास धरलेला असतो, म्हणजे लांब लायनीला बगल. एपिकला तो चालत नाही. पण चौघांचे पास वेगळे विकत घ्यायचे तर गर्दीच्या दिवशी त्याचेच एवढे होतात की खोली जवळपास फुकटात पडल्यासारखी वाटते. त्यात युक्ती अशी की पास चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या दोन्ही दिवशी चालतो, मग तिथे एकच रात्र घ्यायची, सकाळी बॅगा रिसेप्शनला टाकून पार्कात जायचं, आणि बाकीच्या रात्री दुसरीकडे स्वस्तात काढायच्या. बॅगा उचलायचा वैताग आहे, पण हिशोब बसतो. बुक करताना पास भाड्यात आहे का ते त्या दिवशीच्या पानावर नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

वेळ मिळवण्याचा दुसरा प्रकार म्हणजे दुपारची झोप, आणि हे कागदावर दिसत नाही म्हणून लोक विसरतात. दुपारी साडेतीनला कुठल्याही पार्कात फूड कोर्टबाहेरचा बाक बघा. आजी बसलेल्या, मांडीवर तीन बॅगा, पायाशी ओला मोजा, शेजारी धाकटं पोर गालाला वेफर्सचा चुरा लावून झोपलेलं, आणि मोठं म्हणतंय "आई, अजून ती राहिलीय ना". सासऱ्यांचा चेहरा सांगतो की आता बास. हॉटेल चालत दहा मिनिटांवर असेल तर आजी-आजोबा धाकट्याला घेऊन जातात, दोन तास पडतात, चहा घेतात आणि संध्याकाळच्या परेडला ताजेतवाने परत. हॉटेल पाऊण तासावर असेल तर एक तर सगळेच जातात आणि परत कोणी येत नाही, किंवा सगळेच थांबतात आणि भांडतात. त्यामुळे बरोबर सत्तरीच्या पुढचं कोणी असेल किंवा चार वर्षांच्या आतलं पोर असेल तर मी दिवस एक कमी करून जवळचं हॉटेल घेईन. दोन्ही मुलं दहाच्या पुढची आणि आई-बाबा चाळिशीतले असतील तर दुपारी खोलीवर कोणी फिरकत नाही, तेव्हा स्वच्छ बाथरूम आणि चालणारा एसी एवढं बघा आणि गप्प साधी खोली घ्या.

मात्र पाच दिवसांच्या वरची ट्रिप असेल तर मधे एक दिवस तिकिटाशिवाय ठेवा. सलग चार दिवस पार्क म्हणजे पायाचे तुकडे पडतात आणि तिसऱ्या दिवशी मुलंच कुरकुरायला लागतात. त्या मोकळ्या दिवसासाठी हॉटेलला पूल हवा. पूल म्हणजे पंचतारांकित असं काही नाही, मधल्या दर्जाच्या हॉटेलांतही असतो, आणि मुलांना त्यात आणि भारीतल्या पुलात काही फरक कळत नाही.

खोलीचे फोटो बघत बसण्यापेक्षा चार गोष्टी फोन करून विचारा. चौघं एका खोलीत चालतात का आणि जादा गादीचे किती. ब्रेकफास्ट धरलाय का, कारण चौघांचा नाश्ता बाहेर केला की पार्कच्या भावात जातो, आणि आत बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन निघणं हाच उपाय. परदेशात असेल तर फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि कपडे धुवायचं मशीन आहे का. घरात शुद्ध शाकाहारी कोणी असेल तर स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली भारी हॉटेलच्या लॉबीपेक्षा शंभर पटीने कामाची, रात्री नऊला मुगाची खिचडी आणि लोणचं मिळालं की सासूबाईंचा सगळा शीण जातो. बाथरूम एकच असेल आणि माणसं सहा, तर सकाळचा तास तिथेच जातो, मग आधी आत सोडण्याची सवलत घेऊन काय उपयोग.

वार बदलून बघा. इमॅजिकाला शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवारी गेलात तर खोली स्वस्त पडते, लायनी छोट्या, एक्सप्रेस तिकिटाची गरज उरत नाही, आणि कधी कधी साध्या खोलीच्या वीकेंडच्या भावात चांगली खोली मिळते, म्हणजे वादच मिटला. त्यासाठी एक-दोन रजा टाकाव्या लागतात, हिंजवडीवाल्यांना मॅनेजरला पटवणं जमतं की नाही ते त्यांनी बघावं. पावसाळ्यात मात्र सांभाळून. खोपोलीचा पाऊस आपल्या कोथरूडसारखा नसतो, जोराचा आला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, आणि मग जादा घेतलेला दिवस खिडकीतून पाऊस बघण्यात जातो. जुलैमध्ये जाणार असाल तर दिवस वाढवूच नका, हवं तर खोली चांगली घ्या.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. आधी फुकट रद्द करता येईल अशी साधी खोली धरून ठेवा, मग पार्काच्या तारखा आणि तिकिटं पक्की करा, आणि तिकिटं झाल्यावर हातात किती उरले ते बघून खोली चढवायची की नाही ठरवा. रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, दोन दिवस आधीचा.