घोटा सारखा मुरगळतो? आधी चाल तपासा, मग स्नायूंना शिकवा

पाय मुरगळतो, आंबेहळदीचा लेप लागतो, क्रेप बँडेज बांधले जाते, पंधरा दिवसांत सूज उतरते आणि आपण ते विसरून जातो. घोटा मात्र विसरत नाही. वर्ष उलटल्यावरही जिना उतरताना, फुटपाथच्या कडेवर किंवा गडावरून खाली येताना तो अचानक आत वळतो. पहिल्यांदा पाय मुरगळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरानंतरही असा त्रास राहिल्याचे पाहणीत दिसले आहे. डॉक्टर याला घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतात.

घरचे म्हणतात, पाय कमजोर झालाय, ताकद वाढव. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. यात ताकदीइतकाच प्रश्न वेळेचाही असतो: कोणता स्नायू कधी जागा होतो आणि पाऊल जमिनीवर कसे उतरते.

चालताना एका पायाच्या पूर्ण चक्रात तो साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. हवेत असताना नडगीच्या पुढचा स्नायू चवडा वर धरतो, टाच टेकल्यावर तोच चवड्याला हळू खाली सोडतो. पुढे पोटरी शरीराला ढकलते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो नडगीच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगस हा स्नायू. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बाहेरच्या घोट्यामागून वळतो, तळव्याखालून आडवा जातो आणि अंगठ्याच्या मुळाशी रुततो. तळवा आत वळू लागला की त्याला बाहेर ओढणे आणि अंगठ्याचे मूळ जमिनीवर दाबून ठेवणे हे त्याचे काम.

निरोगी पायात या स्नायूचे मुख्य काम पाऊल टेकल्यानंतर असते. अस्थिर घोट्याच्या लोकांची चाल त्वचेवर इलेक्ट्रोड (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या) लावून तपासली, तेव्हा अनेक अभ्यासांत तो टाच टेकण्याआधीच जागा झालेला आणि जास्त वेळ ताणलेला आढळला. कारण या लोकांचे पाऊल मुळातच थोडे आत वळलेले उतरते आणि वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेवर जाते. काही अभ्यासांत नडगीच्या पुढचा स्नायू मधल्या टप्प्यात ढिला पडलेला, तर कमरेच्या बाजूचा नितंबाचा स्नायू जास्त राबताना दिसला. म्हणजे मुरगळलेल्या घोट्याचा हिशेब कमरेपर्यंत जातो.

स्नायू आधीच का जागा होतो? घोटा कलंडल्यावर पेरोनियसपर्यंत प्रतिक्षिप्त संदेश पोचायला ६० ते ७० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्ष बळ तयार व्हायला त्याहून जास्त. तोवर घोटा कलंडून गेलेला असतो. म्हणून मेंदू वाट पाहत नाही, आधीच पहारा बसवतो. हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, म्हणजे अस्थिबंध, फाटला की त्यातले जाणिवेचे तंतूही बिघडतात, हे १९६५ मध्ये ब्रिटिश अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी मांडले आणि डुलत्या फळीवरचे व्यायाम सुचवले. नंतर त्या सिद्धान्तात भर पडली, पण फळी अजून टिकून आहे.

पहिली पायरी: हे नक्की तेच आहे का?

दुखापत ताजी असेल तर हा लेख बाजूला ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर, करंगळीच्या बाजूला तळव्याच्या मध्यावरच्या उंचवट्यावर किंवा पायाच्या आतल्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढा.

जुन्या त्रासासाठी कंबरलँड नावाची नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. जिना उतरताना, पटकन वळताना, एका पायावर उभे राहताना घोटा कसा वाटतो, असे तिचे साधे प्रश्न असतात. एकूण गुण ३०. संशोधक साधारणपणे २४ किंवा त्याहून कमी गुण, वर्षभरापूर्वीची पहिली दुखापत आणि घोटा वारंवार दगा देणे यांवरून अस्थिरता ठरवतात. फिजिओथेरपिस्ट ही चाचणी दहा मिनिटांत करून देतो.

दुसरी पायरी: चालीचे चित्रण

मोबाइल जमिनीलगत, घोट्याच्या उंचीवर ठेवा. अनवाणी, नेहमीच्या वेगाने त्याच्यापासून दूर चालत जा आणि स्लो मोशनमध्ये पाहा. लक्ष एकाच क्षणावर ठेवा: टाच टेकण्याच्या जरा आधी. दुखऱ्या पायाचा तळवा दुसऱ्या पायापेक्षा जास्त आत वळलेला दिसतो का? नंतर वजन करंगळीकडेच राहते की अंगठ्याकडे येते? चपलेच्या झिजेवरून निष्कर्ष काढू नका. टाचेची बाहेरची कड बहुतेकांची झिजते. दोन पायांत फरक असेल तरच त्याकडे लक्ष द्या. स्नायू कधी जागा होतो हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याला इलेक्ट्रोडच हवेत.

तिसरी पायरी: तोल

भिंतीजवळ, एका पायावर ३० सेकंद उभे राहा. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच हे तिन्ही बिंदू टेकलेले हवेत. जमले की डोके डावी-उजवीकडे वळवा, मग डोळे मिटा, मग घडी घातलेल्या चटईवर उभे राहा, शेवटी डुलती फळी घ्या. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे अशा सरावाने तोल सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. दात घासताना एका पायावर उभे राहणे हा फुकटातला सराव, फक्त मोरीतली ओली फरशी टाळा.

चौथी पायरी: ताकद

रबरी पट्टा चवड्याला अडकवून तळवा बाहेर वळवा आणि परत येताना तीन मोजेपर्यंत वेळ घ्या. दहा-दहाचे तीन संच पुरेत. टाचा उचलताना दोन्ही घोट्यांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरा. चेंडू पडला की समजा, वजन बाहेर गेले. नितंबासाठी कुशीवर झोपून वरचा पाय उचला. लोक हा व्यायाम सर्रास टाळतात आणि तो टाळू नये असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: चालच बदला

ताकद आणि तोल आला म्हणून चाल आपोआप बदलेल असे नाही. ती वेगळी शिकवावी लागते. प्रयोगशाळेत तळव्याच्या बाहेरच्या कडेखाली संवेदक ठेवतात आणि तिथे जास्त दाब आला की आवाज होतो. अशा सरावाने तो दाब कमी झाल्याचे नोंदले गेले आहे. काही जण बुटावर लेझर लावून त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर न कलंडू देता चालायला लावतात.

घरी फरशीची सरळ रेघ पुरते. तिच्या शेजारून हळू चाला. टाच सरळ टेकवा आणि मग वजन अंगठ्याच्या मुळाकडे येऊ द्या. मुद्दाम आत दाबू नका, नाहीतर गुडघा कुरकुरेल. पाच-पाच मिनिटांचे सराव बरे. जमू लागले की वेग बदला, वळणे घ्या, चालताना कुणाशी बोला. लक्ष दुसरीकडे असताना पाऊल नीट उतरले तरच ते मुरले. सपाटीवर जमल्यावर उतार, मग गवत, मग पायऱ्या.

एका पायावर उडी मारून जागच्या जागी स्थिर होणे हे सगळ्यात शेवटी, आणि तेही कबड्डी, बॅडमिंटन किंवा ट्रेकिंगला परत जायचे असेल तरच.

घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याची, म्हणजे ब्रेसची, सवय लागून स्नायू आळशी होतात अशी भीती अनेकांना वाटते. निरोगी लोकांनी आठ आठवडे ब्रेस वापरल्यावरही पेरोनियस लाँगसची प्रतिक्रिया मंदावली नव्हती. तेव्हा खेळताना किंवा डोंगर उतरताना नाडीचा ब्रेस बिनधास्त बांधा. काही महिने नेमाने सराव करूनही घोटा निसटतच असेल, तर अस्थिबंधच सैल आहे का हे अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. १९६६ मध्ये स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी मांडलेली अस्थिबंध दुरुस्तीची शस्त्रक्रिया आजही, काही बदलांसह, केली जाते. पण तिच्यानंतरही तिसऱ्या पायरीपासूनचा सराव करावाच लागतो.