ब्रॉडवेजवळची आफ्रिकन दफनभूमी: जायचं कसं, थांबायचं कुठे

न्यू यॉर्कला पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते: स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, ब्रुकलिन ब्रिज. त्या यादीत मी एक जागा हट्टाने घालते. खालच्या मॅनहॅटनमधलं ‘आफ्रिकन बरिअल ग्राउंड’. आतापर्यंत सात-आठ वेळा माणसं घेऊन गेले आहे, त्यामुळे काय केलं की ही भेट नीट होते आणि काय केलं की नुसते फोटो काढून परत येणं होतं, ते आता कळलंय. तेवढंच सांगते.

मला ही जागा सापडली ती टॅक्सच्या कामामुळे. 290 ब्रॉडवे ही सरकारी कार्यालयांची उंच इमारत आहे. तिथल्या दालनात नंबर यायची वाट बघत होते. पायाखाली फरशीत पितळेच्या रेघांचं मोठं वर्तुळ होतं. रांगोळीसारखं वाटलं म्हणून वाकून बघितलं, आणि कोपऱ्यातल्या पाटीवर वाचलं की या इमारतीखाली, आजूबाजूच्या रस्त्यांखाली, कचेऱ्यांखाली हजारो माणसं पुरलेली आहेत. रोज त्या रस्त्याने जाणारी मी, मला हे माहीत नव्हतं.

जाण्याआधी एवढं डोक्यात असू द्या. डच लोकांनी 1626 च्या सुमारास इथे पहिल्यांदा आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून आणली. पुढे इंग्रजांचं राज्य आलं. 1697 मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात आफ्रिकन माणसांना पुरायला बंदी केली. मग वेशीबाहेरची ही पडीक जमीन उरली. साडेसहा एकरांच्या आसपास. 1790 च्या दशकात ती बंद झाली, वर भर पडली, प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या. तिथे पंधरा हजारांच्या आसपास माणसं पुरली असावीत असा अंदाज आहे. 1991 मध्ये या सरकारी इमारतीचा पाया खणताना हाडं लागली. वीस-पंचवीस फूट भरावाखाली शवपेट्या तशाच होत्या. काम तरीही रेटायचा प्रयत्न झाला. शहरातले कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर उतरले, रात्रभर जागरण करून प्रार्थना केल्या, आणि 1992 मध्ये अमेरिकी काँग्रेसने खोदकाम थांबवायला लावलं. इमारतीचा एक भाग बांधायचा रद्द झाला. आज स्मारक आहे ते त्या वाचलेल्या तुकड्यावर. म्हणजे ही मोकळी जागा कुणी देणगी दिलेली नाही, लोकांनी भांडून मिळवलेली आहे. पाहुण्यांना मी हे ट्रेनमध्येच सांगून टाकते.

पोचणं सोपं आहे. चेंबर्स स्ट्रीट किंवा ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल, कुठल्याही सबवे स्टेशनवर उतरलात तरी पाच-सात मिनिटं चालायचं. न्यू जर्सीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलात तर पंधरा मिनिटं धरा. स्मारक ड्युएन स्ट्रीट आणि एल्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे; माहिती केंद्र त्याच 290 ब्रॉडवे इमारतीत, दार ब्रॉडवेच्या बाजूने. तिकीट नाही. रविवार-सोमवारी सहसा बंद असतं, सरकारी सुट्टीलाही बंद, आणि दुपारी चारच्या पुढे कुणी आत घेत नाही असं समजूनच निघा. बाहेरचं स्मारक थंडीत किंवा खराब हवेत बंद ठेवतात. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्या सकाळी एकदा वेळा बघून घ्या. आम्ही एकदा चार वयस्कर माणसांना घेऊन सोमवारी गेलो आणि बंद दारावरून परतलो.

इमारत सरकारी असल्यामुळे विमानतळासारखी तपासणी होते. पट्टा, किल्ल्या, फोन ट्रेमध्ये. माझ्या मावशीच्या पर्समध्ये अडकित्ता निघाला. तिथे वस्तू ठेवून घेत नाहीत. शेवटी माझा नवरा अडकित्ता घेऊन अर्धा तास फुटपाथवर उभा राहिला, मग आमची अदलाबदल झाली. तेव्हा चाकू, कात्री, फळं कापायची सुरी घरीच ठेवा.

आता महत्त्वाचं: आधी आत जा, मग बाहेर. बहुतेक लोक उलटं करतात. बाहेरचा काळा दगड आधी दिसतो, फोटो निघतात, आणि आत जायचा कंटाळा येतो. पण आतली माणसं भेटल्याशिवाय बाहेरचा दगड नुसता दगडच राहतो.

आत मधोमध एक अंत्यविधीचा देखावा आहे, माणसांच्या उंचीचा. एक मोठी शवपेटी, एक लहान, आणि भोवती मोजकीच माणसं. मोजकीच का, याला कारण आहे. त्या काळी गुलाम माणसांच्या प्रेतयात्रेला बारापेक्षा जास्त लोक जमायला बंदी होती, आणि सूर्यास्तानंतर पुरायलाही बंदी होती. दिवसभर मालकाकडे राबणाऱ्या माणसाने आपलं माणूस पुरायचं कधी? देखाव्यापाशी उभं राहून हा प्रश्न आपल्याबरोबरच्या मुलांना विचारा. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग बारा जण निवडायचे कसे?” मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

नंतर भिंतीवरची माहिती. इथे माझा एकच आग्रह आहे. सगळं वाचायला जाऊ नका. एकूण 419 जणांचे अवशेष बाहेर काढले गेले, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ मायकल ब्लेकी यांच्या पथकाने त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नावं कुणाचीच कळली नाहीत, म्हणून प्रत्येकाला क्रमांक आहे. 419 हा आकडा मनात राहत नाही. एक क्रमांक निवडा आणि त्याच्यापाशी थांबा.

मी 340 पाशी थांबते. ही एक प्रौढ बाई. तिच्या कमरेभोवती शंभरावर मणी होते, त्यात कवड्याही होत्या. पुढचे दात कानस लावून आकार दिलेले. आफ्रिकेतल्या काही समाजांत तशी रीत होती, म्हणजे ती बहुधा तिकडेच जन्मली, वाढली. जहाजावरचा तो प्रवास आणि नंतरची गुलामी, या सगळ्यातून तिचे मणी तिच्याजवळ राहिले किंवा तिच्या माणसांनी ते तिला पुरताना बांधले. विकता आले असते, विकले नाहीत. कमरेला माळ बांधणं हे आपल्याकडच्या बायांना वेगळं सांगावं लागत नाही. मावशी त्या मण्यांसमोर उभी होती तेव्हा तिचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे गेला. तिथे मांडलेल्या वस्तू प्रतिकृती आहेत हेही सांगते; मूळचं सगळं तिच्याबरोबर परत जमिनीत गेलं आणि ते तसंच हवं होतं.

तुमच्याबरोबर कोणी हळवं असेल तर आधी सांगून ठेवा. क्रमांक 25 ही वीस-बावीस वर्षांची तरुणी, तिच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी होती आणि चेहऱ्यावर मार होता. 335 ही आई, तिच्या कुशीत नुकतं जन्मलेलं बाळ होतं, दोघं एकाच पेटीत. लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. हाडांवर स्नायू जिथे जोडले जातात तिथे ताण पडल्याच्या खुणा आहेत, पाठीचे मणके झिजलेले, मानेवर ओझ्याचा परिणाम. सहा-सात वर्षांच्या मुलांना मी हे तपशील सांगत नाही. रेंजर म्हणजे उद्यान सेवेचे तिथले कर्मचारी; त्यांच्याकडे मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका मागा. ती भरून दिली की बिल्ला मिळतो, आणि मुलं पाट्या नीट वाचतात.

मुलांशी बोलताना मी ‘गुलाम होते’ म्हणत नाही, ‘गुलाम केलेली माणसं’ म्हणते. ती शेतकरी होती, सुतार होती, कुणाच्या आया होत्या.

आता बाहेर या. इमारतीच्या कडेने ड्युएन स्ट्रीटवर वळलं की हिरवळीवर सात उंचवटे दिसतील, प्रत्येकाच्या कडेला झाड. 419 जण आता या उंचवट्यांखाली आहेत. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना वॉशिंग्टनहून मिरवणुकीने परत आणलं, वाटेतल्या शहरांत लोक दर्शनाला थांबले होते. पेट्या घानामध्ये हाताने कोरून केल्या होत्या. इथे कृपा करून हिरवळीवर चढू नका, मुलांना धावू देऊ नका, डबा उघडून बसू नका. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं बाहेर पडतात आणि हा कोपरा नेहमीच्या बागेसारखा दिसतो, पण हे कबरस्तान आहे. फुलं न्यायची असतील तर न्या. कुठे ठेवायची ते रेंजरला विचारा. फोटोला बंदी नाही, मी मात्र उंचवट्यांसमोर सेल्फी काढू देत नाही.

उंचवट्यांच्या पलीकडे रॉडनी लिऑन यांनी रचलेलं स्मारक, 2007 मध्ये खुलं झालेलं. काळ्या ग्रॅनाइटची एक निमुळती खोली आहे, 24 फूट उंच. जमिनीखाली इतक्याच खोल ही माणसं सापडली होती. बाहेरच्या भिंतीवर हृदयासारखी एक आकृती आणि तिच्याखाली चार ओळी: जे हरवले, ज्यांना चोरून नेलं, जे मागे राहिले आणि जे विसरले गेले नाहीत, त्या सगळ्यांसाठी. ही आकृती म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचं ‘संकोफा’ चिन्ह, मागे वळून राहिलेलं उचलून आणणं असा त्याचा अर्थ. एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी अशीच आकृती केलेली सापडली होती. ते संकोफाच होतं की साधं हृदय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला त्याने फरक पडत नाही. कुणीतरी बसून एकेक खिळा त्या झाकणावर ठोकला, एवढं मला पुरतं.

खोलीत एकेकट्याने जा. भिंती दोन्ही बाजूंनी जवळ येतात, जहाजाच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं, वर आकाशाची फट. बोलणं आपोआप बंद होतं. तिच्या दाराला ‘परतीचं दार’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत ज्या दारातून माणसं जहाजावर चढवली गेली त्याला ‘न परतण्याचं दार’ म्हणतात, त्याचं हे उत्तर. तिथून उताराने खाली गोल चौकात उतरायचं. भोवतीच्या भिंतीवर आफ्रिकेतली आणि निरनिराळ्या धर्मांची चिन्हं कोरलेली आहेत, क्रूस, चंद्रकोर, घाईने बघू नका. फरशीवर जगाचा नकाशा आहे, त्याच्या मध्यभागी पश्चिम आफ्रिका. याच चौकात पूर्वजांच्या नावाने पाणी सोडण्याचा विधी होतो. त्याचा ‘लिबेशन’ हा इंग्रजी शब्द पाहुण्यांना समजावून सांगायला मला कधी काही बोलावं लागलं नाही. तर्पण म्हटलं की पुरतं.

चौकात वर बघा. चारी बाजूंनी न्यायालयं आणि कचेऱ्या उभ्या आहेत, त्यांच्याखालीही कबरी आहेत. रेंजर हाताने दाखवतात: इथपासून तिथपर्यंत. एखाद्या रेंजरचं बोलणं ऐकायला मिळत असेल तर दहा मिनिटं जास्त थांबा.

एकूण दीड तास धरा. पाय दुखत नसतील तर फॉली स्क्वेअरमधलं लॉरेन्झो पेस यांचं काळ्या दगडाचं उंच शिल्प बघून या, तीन-चार मिनिटांच्या अंतरावर आहे. आणि संध्याकाळ मोकळी असेल तर दक्षिणेकडे वीस मिनिटं चालत वॉल स्ट्रीट आणि वॉटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. 1711 पासून तिथे माणसांचा बाजार भरत असे. त्याची पाटी 2015 मध्ये लागली, लहान आहे, शोधावी लागते. तिथून नदी समोरच दिसते. 2003 मध्ये 419 पैकी चार पेट्या, एक पुरुष, एक बाई, एक मुलगा, एक मुलगी, बोटीने याच किनाऱ्यावर उतरवल्या होत्या.