ओव्हनमधलं बुलगोगी: या चुका टाळा

ट्रे बाहेर काढला आणि काप करडे पडून पाण्यात तरंगताना दिसले, तर मांस भाजलंच नाही, वाफेवर शिजलं असं समजा. बुलगोगी म्हणजे मुरवून भाजलेले गोमांसाचे पातळ काप, कोरियन पदार्थ. घरच्या बुलगोगीची सगळ्यात मोठी तक्रार हीच.

कोरियन भाषेत 'बुल' म्हणजे आग, 'गोगी' म्हणजे मांस. दक्षिण कोरियातल्या ग्वांगयांग शहरात ते कोळशावर भाजतात. सोलमध्ये घुमटासारख्या तव्यावर करतात, त्याच्या कडेच्या खोलगट भागात रस्सा असतो. ओव्हनमध्ये आपण पहिला प्रकार करायला जातो आणि घाईत दुसरा होऊन बसतो, तोही अर्धाकच्चा.

पाणी सुटतं ते गार ट्रेमुळे आणि गर्दीमुळे. फॉइल लावलेला ट्रे २३० अंशांवर दहा मिनिटं तापू द्या. (फॉइल हवीच, साखर करपून ट्रेला घट्ट चिकटते.) काप चाळणीत निथळा, उरलेलं मसाल्याचं पाणी वरून ओतू नका. एकेरी थर लावा. अर्धा किलोला दोन खेपा लागतात, त्याचा कंटाळा करू नका. तापलेल्या ट्रेवर काप पडताच चर्र आवाज यायला हवा. सात-आठ मिनिटं पुरतात, त्यातली शेवटची दोन फक्त वरच्या रॉडवर. तेव्हा ओव्हनसमोरून हलू नका, कडा तपकिरीच्या काळ्या व्हायला अर्धं मिनिट लागतं.

पाणी सुटलंच, तर ते कढईत ओतून खळखळ उकळून आटवा, कोरडे झालेले काप पुन्हा दोन मिनिटं ग्रिलखाली धरा आणि आटवलेला रस वरून घाला. चव वाचते.

दुसरी चूक मांस मऊ करायला लावायच्या फळाची. आपल्याला मटणाला कच्ची पपई लावायची सवय, म्हणून हात सैल सुटतो. कोरियन नाशपाती सौम्य असते, तिच्यात मांस रात्रभर राहिलं तरी चालतं. किवी मात्र जहाल. मी एकदा अख्खी किवी किसून घातली आणि सकाळी डब्यात काप नव्हतेच, लगदा होता. अर्धा किलोला एक चमचा किवी, अर्धा तास, बस्स. डबाबंद अननस वापरून मांस मऊ होत नाही, कारण डब्यात भरताना तापवल्यामुळे त्यातलं एन्झाइम निकामी झालेलं असतं.

काप दोन-तीन मिलिमीटरचेच हवेत. मांस तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं की सुरी सरळ जाते. धाग्यांना आडवं कापा, नाहीतर कितीही मुरवलं तरी चिवटच लागेल. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे तिथे म्हशीचं मांस घ्यावं लागतं. ते कमी चरबीचं असतं, म्हणून काप आणखी पातळ करा.

सोया सॉस दाट काळा नको, त्याने सगळं कडवट आणि काळंकुट्ट होतं. पातळ, नैसर्गिकरीत्या आंबवलेला घ्या: अर्धा किलोला चार मोठे चमचे, सोबत दोन चमचे साखर, पाच-सहा लसूण पाकळ्या, मिरपूड आणि पातीचा कांदा. तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचंच हवं, आपल्या घाण्याच्या तेलाला तो खमंग वास नाही. ते एक चमचा, सगळ्यात शेवटी घाला.

लेट्यूसच्या पानात थोडा भात, दोन काप, वर किमची (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं). पुडी बांधून एकाच घासात तोंडात टाका, अर्धी चावलीत तर सगळा रस मनगटावर ओघळतो.