खाऱ्या टाकीतल्या मोरे ईलला काय, किती आणि कसं भरवायचं

घटप्रभेत किंवा कृष्णेत जाळ्याला लागते ती वाम वेगळी आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ती मोरे ईल वेगळी. दोघी दिसतात सापासारख्या. त्यामुळं नदीच्या वामीला चालतं ते हिलाही चालेल असं धरून गांडुळं, चिकनचे तुकडे, ओढ्यातले बारके मासे टाकीत पडतात. मोरे समुद्रातली आहे आणि तिला समुद्रातलंच खाणं हवं. कोंबडी-बकऱ्याची चरबी तिच्या पचनाला मानवत नाही.

घरी पाळायला स्नोफ्लेक मोरे सगळ्यांत बरी. पांढुरक्या अंगावर काळे डाग आणि त्यांत पिवळे ठिपके, लांबी साधारण ६० ते ७० सेंमी. झेब्रा मोरेही शांत असते, पण ती मीटरभर किंवा त्याहून लांब होते, म्हणून टाकी फार मोठी लागते. या दोघींचे दात बोथट, दाढेसारखे असतात, कारण त्यांचं मुख्य खाणं खेकडे आणि कोळंबी. सुईसारख्या दातांच्या मोरे मासे खाणाऱ्या असतात, त्यांचा विचार इथं केलेला नाही.

तेव्हा पानात मुख्य वाटा कोळंबीचा आणि खेकड्याचा. जोडीला माकूल आणि सोललेल्या तिसऱ्या, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी पांढऱ्या मांसाच्या समुद्री माशाचा तुकडा. नुसत्या कोळंबीवर महिनोन् महिने ठेवू नका, ती कितीही आवडीनं खात असली तरी.

बेळगावला समुद्र नाही, पण मासळी येते. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडची, खालून कारवारची. कॅम्पातल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा. कोळंबी (गोव्याकडच्या विक्रेत्याकडं सुंगटं म्हणून मागा) सालासकट घ्या. साल मांसाला घट्ट चिकटलेलं हवं, डोकं काळं पडलेलं नको, वास समुद्राचा हवा, अमोनियाचा उग्र नको. सोलून पाकिटात भरलेली कोळंबी टाळा. पाणी धरून ठेवण्यासाठी तिला बऱ्याचदा फॉस्फेट लावलेलं असतं आणि ते टाकीत उतरून शेवाळ वाढवतं. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ईलचा वाटा बाजूला काढणं. आपल्याकडं मासळी धुतली की लगेच हळद-मीठ लागतं, आणि एकदा लागलं की तो तुकडा टाकीच्या कामाचा राहत नाही.

कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो कात्रीनं मुळापासून कापा. साल राहू द्या. लहान खेकड्याचे नांगे काढून टाका, पाय मोडून द्या आणि पाठ दोन तुकड्यांत करा. खानापूरकडं भातखाचरांत पावसाळ्यात खेकडे मिळतात; ते घालू नका. गोड्या पाण्यातले तर आहेतच, वर शेतातल्या औषधाचा अंश त्यांच्या अंगात असू शकतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. काही माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं. तारली, मांदेली यांच्या कुळांत ते आढळतं, गोड्या पाण्यातल्या कार्प कुळात आढळतं आणि गोल्डफिशमध्येही. काही शिंपल्यांत आणि कच्च्या कोळंबीतही ते असतं. गोठवल्यानं ते नष्ट होत नाही. शिजवल्यानं होतं, पण शिजवलेला तुकडा बऱ्याच ईल तोंडात घेत नाहीत. असंच खाणं महिनोन् महिने चाललं की ईल हळूहळू खाणं सोडते, तिचा तोल जातो, झटके येतात. स्वस्त गोल्डफिश ‘जिवंत खाऊ’ म्हणून टाकण्याला आमचा ठाम विरोध आहे तो यासाठीच. शिवाय त्यांच्या अंगातली चरबी समुद्री जिवाच्या गरजेची नसते.

उपाय सोपा आहे. फक्त थायमिन (म्हणजेच ब-१) असलेली १०० मिग्रॅची एक गोळी कुटून १०० मिली शुद्ध पाण्यात विरघळवा. म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ झालं. दर ३५ ते ४० ग्रॅम खाण्यामागं १ मिली पुरतं. हे पाणी तुकड्यावर शिंपडलं तर टाकीत पडताक्षणी धुऊन जातं. म्हणून माकुलाची नळी घ्या, तिचा पेराएवढा तुकडा कापा, पोकळीत थेंब सोडा आणि त्यात कोळंबीचा बारीक तुकडा खुपसून ती बंद करा. ईल गिळते ते औषधासकट. द्रावण फ्रिजमध्ये अंधारात ठेवा आणि आठवड्यानं नवं करा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत इथं ताजा माल दुर्मिळ आणि महाग होतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात साठा करा: एका जेवणाचा वाटा एका लहान पिशवीत, पिशवी चपटी करून, वर तारीख घालून. पावसात वीज लांबली आणि वाटे वितळले, तर ते पुन्हा गोठवू नका. देण्याआधी फ्रिजमध्ये वाटीत वितळू द्या, कोमट पाण्यात नको, आणि सुटलेलं पाणी टाकून द्या.

किती द्यायचं? तुकडा ईलच्या डोक्याच्या रुंदीहून मोठा नको. ४० ते ५० सेंमीच्या स्नोफ्लेकला पेराएवढे तीन-चार तुकडे, आठवड्यातून दोनदा. फार तर तीनदा. वीतभर पिलाला दिवसाआड एक-दोन लहान तुकडे. पोट बाजूनं किंचित फुगलं की थांबा. काचेशी येऊन ती तोंड उघडझाप करते तेव्हा भूक लागली असं वाटतं, पण ती श्वास घेत असते. मोठा तुकडा दिला तर तासाभरात उलटून टाकते, आणि सकाळी टाकीचं पाणी दुधाळ दिसतं.

भरवण्याची वेळ संध्याकाळची, दिवे मंद करून. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) बंद करा, नाहीतर तुकडा वाहून दगडांमागं जातो. टाकीतल्या इतर माशांना आधी खायला घाला. मग ४५ ते ६० सेंमी लांब प्लास्टिकचा चिमटा घ्या. स्टीलचा असेल तर टोकांवर एअरलाइनची (हवेच्या पंपाची) मऊ नळी चढवा, नाहीतर झेप घेताना दात दुखावतात. तुकडा वरून सोडू नका. बाजूनं, तिच्या तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि सावकाश हलवा. तिची नजर अधू असते, वासावर चालते. नाकपुड्या हलतील, डोकं एकदोनदा चुकीच्या बाजूला जाईल, मग पकड बसेल. पकड बसली की चिमटा लगेच मोकळा करा, ओढाताण नको.

हातानं कधीही भरवू नका. मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो पुढं येऊन घास आत ओढतो, हे २००७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. बोट धरलं गेलं तर झटका देऊन सोडवू नका, जखम फाटते. तिला सोडू द्या, जखम साबणानं धुवा आणि डॉक्टर गाठा.

नवी ईल दोन-तीन आठवडे काहीच खात नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. तिला अंगभर मावेल असा पीव्हीसी पाइप द्या, दगड हलवणं थांबवा आणि तीन दिवसांनी एकदा तुकडा दाखवा. नको असेल तर लगेच काढा. तिसऱ्यांचं पाणी तुकड्याला चोळलं तर पुष्कळदा काम होतं. जुनी, नेहमी खाणारी ईल अचानक तोंड फिरवते तेव्हा आधी पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, खारेपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश. डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटे गार असतात. हीटर बंद पडला तर पचन मंदावतं आणि तोच घास पोटात पडून राहतो. औषधाची घाई करू नका. ईलच्या अंगाला खवले नसतात आणि तांब्याची औषधं तिला बाधतात.

उरलेलं पंधरा-वीस मिनिटांत जाळीनं काढा. माकूल-तिसऱ्यांच्या तेलानं स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) तासभर वेडंवाकडं चालतो, कप भरून वाहत नाही ना, बघा. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, आणि ते आरओच्या (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्यात टाकीचं समुद्री मीठ कालवून, बोअरचं नको.

जेवण झाल्यावरही वास पाण्यात राहतो आणि ईल तो शोधत रात्रभर फिरते. बाहेर पडण्याचा धोका तेव्हाच जास्त. झाकणावर वजन ठेवा आणि पाइप-वायरींसाठी सोडलेल्या भोकांवर प्लास्टिकची जाळी बांधा. तिचं डोकं जिथून जातं, तिथून बाकीचं अंगही जातं.