परदेशी मित्राच्या घरी जाताय आणि तिथं दोन वर्षांचं पोर आहे? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

वर्गमित्र लंडन, म्युनिक किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालाय, घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे आणि तुम्ही नवरा-बायको दहा-पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडं निघालाय. अशा मुक्कामात होणारे घोटाळे बहुतेक ठरलेलेच असतात. तिथं कामाला बाई नसते, हाकेच्या अंतरावर आजी नसते आणि आई-वडील दोघंही नोकरीला जातात. सगळं घर पोराच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळांवर चालतं. त्या वेळा मोडल्या की त्याचा ताप यजमानांना दोन-तीन दिवस पुरतो.

शेंगा चटणी आणि बाकीचा खाऊ

चटणी किती न्यायची हे ठरवण्याआधी, पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे फोन करून विचारा. असेल तर चटणी घरीच ठेवा. ‘आम्ही आमच्यापुरती खाऊ’ हेही चालत नाही, कारण चटणीचा हात गालाला लागला तरी अंगावर पित्त उठू शकतं. ॲलर्जी नसली तरी तिथल्या अनेक पाळणाघरांत शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते. म्हणून पोराच्या डब्यात चटणी नको आणि सकाळी त्याला सोडायला जाण्याआधी हात साबणानं धुवा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्कीचा तुकडा हे प्रेमानं तोंडात घालायचे पदार्थ नव्हेत. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, असा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. द्राक्षंही अख्खी नकोत, उभी चार फोडी करून द्या. कडक भाकरीचा तुकडा हातात देण्यापेक्षा ती चुरून वरणात मऊ होईपर्यंत भिजवा. वरण मात्र पोराचं वेगळं काढलेलं हवं. तिथल्या सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, आणि आपल्या आमटीला तेवढ्यात भागत नाही.

आता बांधाबांध. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं आणि पिशवी कितीही चांगली असली तरी ते कपड्यांत उतरतं. चटणी झिपच्या पिशवीत भरून हवा दाबून काढा, ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत भरपूर पूड दिसली की तपासणीत अडकून बसावं लागतं. भाकऱ्यांसाठी स्टीलचा गोल डबा घ्या, प्रत्येक दोन भाकऱ्यांत कागद घाला आणि वरच्या पोकळीत एखादा सोलापुरी टॉवेल दाबून बसवा. भाकरी मोडते ती डब्यात हलल्यामुळं.

तिथल्या नियमांत मात्र प्रेमाला सूट नाही. भारतातून जाणाऱ्याला युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा आणि घरचं तूप तिन्ही त्यातच आले. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नका. तेलामुळं ते पेट घेणारं सामान धरतात आणि बॅग उघडायला लावतात. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर जागेवरच दंड.

बाळासाठी काजळाची डबी आणि गुटीची पुडी बॅगेत घालायचा मोह अनेकांना होतो. काजळात शिसं असू शकतं आणि अमेरिकेत ते विकायलाच मनाई आहे. गुटी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

विमानतळावरची गाडी

‘घ्यायला येशील ना?’ एवढं विचारून भागत नाही. पाच जणांच्या गाडीत मागची एक जागा पोराच्या कारसीटनं गेलेली असते, डिकीत बाबागाडी असते. तिथं तुम्ही दोघं आणि २३ किलोच्या चार बॅगा हे गणित बसत नाही. बॅगांची संख्या आधी कळवा, नाहीतर सरळ रेल्वे किंवा टॅक्सीनं जा. ‘पोराला मांडीवर घेते, दहा मिनिटांचं तर अंतर आहे’ असा आग्रह धरू नका, तसं नेणं कायद्यानंच मना आहे. जर्मनीत १२ वर्षं वयाचं किंवा १५० सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत मूल कारसीटवरच बसतं, ब्रिटनमध्ये ही उंची १३५ सेंटिमीटर आहे. थंडीत जाड कोट घालून पोराला सीटवर बांधू नका. पट्टा कोटावर घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढा, पट्टा बांधा, मग वरून पांघरूण घाला.

पहाटे तीनला उठणारे पाहुणे

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, लंडन साडेचार आणि न्यू जर्सी साडेनऊ तास; हिवाळ्यात त्यात आणखी एक तास घाला. आधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, मग विमान, एवढं करून पोचलेला माणूस संध्याकाळी सातलाच पेंगतो आणि पहाटे तीनला टक्क जागा होतो. पातळ भिंतींच्या घरात तेव्हा लाकडी जमीन करकरते, किचनमध्ये भांडं वाजतं आणि पोर उठून बसतं. रात्री झोपतानाच थर्मासमध्ये गरम पाणी, कप आणि बिस्किटं खोलीत घेऊन ठेवा. सहाच्या आत स्वयंपाकघरात पाऊल नको. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ पाळतात, तेव्हा मिक्सर लावला तर शेजारी दार वाजवेल.

उलट बाजूची चूक संध्याकाळची. आपल्याकडं साडेनऊला ताट वाढलं तरी लवकर वाटतं. त्या घरी पोर सहा-साडेसहाला जेवून साडेसातच्या आत झोपतं. ‘आज उशिरा झोपेल, उद्या उशिरा उठेल’ हा हिशोब या वयात बहुधा चुकतो. जास्त दमलेलं पोर रात्री रडत उठतं आणि पहाटे नेहमीपेक्षा लवकर जागं होतं. फिरायला जायचं तर दुपारची झोप झाल्यावर निघा आणि सहापर्यंत परत या. लांबची सहल तुम्ही दोघांनीच करावी हे उत्तम.

बादली, चहा आणि गोळ्या

तिथल्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा मोरी नसते. टबाबाहेर उभं राहून तांब्यानं अंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं. टबातच उभं राहा आणि पडद्याची खालची कड टबाच्या आत घ्या. बादली भरून ठेवायची सवय तर पूर्ण सोडा. या वयाचं मूल डोक्यानं जड असतं, बादलीत तोल गेला की त्याला स्वतःहून वर येता येत नाही आणि चार बोटं पाण्यातही ते बुडतं.

चहाचा कप बुटक्या टेबलावर ठेवू नका. केल्यावर पंधरा मिनिटांनीही चहा मुलाची कातडी भाजू शकतो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद नको, तूप नको, टूथपेस्टही नको.

बीपी-शुगरच्या गोळ्यांचा वारांचा डबा ही पाहुण्यांच्या सामानातली सगळ्यात दुर्लक्षित धोक्याची वस्तू. त्याचं झाकण दोन वर्षांचं पोर सहज उघडतं. पर्स आणि बॅग जमिनीवर न ठेवता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. श्रवणयंत्राच्या बटणासारख्या बॅटऱ्याही तिथंच. पोरानं काही गिळलं तर वाट न बघता फोन करा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

फोडणीचा धूर मिरचीसकट धुराच्या अलार्मपर्यंत पोचला की पोर दचकून उठतं. कढई ठेवण्याआधी शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू करा, तेल धुरावण्याआधी मोहरी टाका, मिरची शेवटी. अलार्मवर पिशवी बांधून ठेवणं हा काहींचा शोध आहे. तो करू नका.

पाळणाघरातून पोराला आणण्याची हौस असेल तर यजमानांना तुमचं नाव आधी नोंदवायला सांगा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. नाव यादीत नसेल तर कितीही ओळख दाखवली तरी पोर ताब्यात मिळत नाही.

पोर पहिले दोन दिवस जवळ येत नसेल तर उचलून घेऊ नका, पापा मागू नका. जमिनीवर बसा, वाटीत वाटी घालून एकट्यानंच खेळत राहा आणि त्याच्याकडं बघू नका. वाटी ओढायला ते स्वतःच येतं.