पाळलेलं मांजर अचानक अंगावर येऊ लागलं तर काय करावं

आमची ठमी सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली होती, मी ओट्यावर कणीक मळत होते. खालच्या मजल्याच्या पत्र्यावर एक अनोळखी पिवळा बोका येऊन बसला. ठमीची शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली आणि घशातून एक लांबलचक, खालच्या पट्टीतला आवाज निघाला. मी "काय गं, काय झालं?" म्हणत तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्याच क्षणी तिचे सुळे माझ्या मनगटाच्या वर रुतलेले होते. सात वर्षांत या मांजरीने मला साधं बोचकारलंही नव्हतं.

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते बहुतेक घरांत होतं. कोणी म्हणालं पिसाळली, कोणी म्हणालं डोक्यावर चढवून ठेवल्याचा परिणाम, आणि एका पाहुण्यांनी पोत्यात घालून मंडईत सोडून यायचा सल्ला दिला. मांजर एका रात्रीत वाईट होत नाही. अचानक चावणाऱ्या मांजराला बहुतेक वेळा एक तर कुठेतरी दुखत असतं, नाही तर ते कशाला तरी प्रचंड घाबरलेलं असतं. दोन्हींवर उपाय आहेत, फक्त ते ठरावीक क्रमाने करावे लागतात.

१. त्या क्षणी: हात मागे, आवाज बंद

मांजर फिस्कारत असेल, कान डोक्याला चिकटवून बसलं असेल, बाहुल्या मोठ्या काळ्याभोर झाल्या असतील, शेपूट जमिनीवर सपासप आपटत असेल, तर त्याला हात लावू नका. समजूत घालायला जाऊ नका, उचलून घेऊ नका. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, कारण मांजरांच्या भाषेत ते आव्हान असतं. नजर बाजूला वळवा आणि हळूहळू मागे सरका. पळालात तर पोटऱ्यांवर झडप येते.

अंगावर येतच असेल तर मध्ये उशी, मोठा पुठ्ठा किंवा जाड चादर धरा. चादर ढाल म्हणून धरायची, मांजराला दाबून धरायला नाही. ओरडणं, चप्पल उगारणं, तोंडावर पाणी मारणं, मानगूट पकडणं यातलं काहीही करू नका. घाबरलेल्या मांजराला तुमच्या शिक्षेचा अर्थ कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूसही आता धोक्याचा झाला.

दातांत हात अडकला असेल तर झटका देऊन ओढू नका. ओढलं की जखम फाटते आणि पकड आणखी घट्ट होते. हात क्षणभर ढिला सोडा, पकड सैल झाली की काढून घ्या.

२. आधी तुमची जखम

हे लिहिताना मी मुद्दाम कडक होते आहे, कारण "घरचंच मांजर आहे, काही होत नाही" असं म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून फक्त दोन ठिपके दिसतात, पण तोंडातले जंतू खोलवर जातात आणि वरची कातडी लगेच मिटते. एका दिवसाच्या आत हात लाल होऊन सुजू शकतो. चावा बोटांच्या सांध्यावर किंवा मनगटाजवळ असेल तर सूज येण्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं किती लांब असतात ते कळेल. मग आयोडीनसारखं जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काहीही लावू नका.

त्यानंतर रेबीजचा प्रश्न. मांजरांनाही रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे अंदाजावर चालायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन मांजर कधी चावलं, त्याला लस दिलेली आहे का, ते बाहेर जातं का हे सांगा. रक्त आलेल्या चाव्याला लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात या जुन्या भीतीने अजूनही माणसं जायचं टाळतात. तो काळ कधीच गेला. आता लस दंडात घेतात आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या दिवसांत ते नीट खात-पीत, ठणठणीत राहिलं तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. पण पहिली सुई त्या १० दिवसांसाठी थांबवायची नाही.

लस न दिलेलं, बाहेर फिरणारं मांजर विनाकारण दिसेल त्याच्यावर धावून जात असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, मागचे पाय लटपटत असतील, तर त्याला पकडायला स्वतः जाऊ नका. दार बंद करा आणि पशुवैद्यांना फोन करा.

३. मांजराला एक खोली द्या

ठमीला आम्ही मागच्या खोलीत ठेवलं. म्हणजे तिला उचललं नाही. खोलीचं दार उघडं ठेवलं, बाकीची दारं लावली, आणि ती आपण होऊन पलंगाखाली गेल्यावर दार ओढून घेतलं. आत पाणी, खाणं, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आणि लपायला एक आडवा ठेवलेला खोका. पडदे बंद, दिवा बंद.

किती वेळ? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. माणसाचा राग तासाभरात उतरतो, मांजराची ती अवस्था काही वेळा एक-दोन दिवसही टिकते. अर्ध्या तासाने "आता शांत झाली असेल" म्हणून जवळ घ्यायला गेलं की दुसरा चावा बसतो आणि तो पहिल्यापेक्षा जास्त मनाला लागतो. मांजर नेहमीसारखं खायला लागलं, अंग चाटायला लागलं, हातपाय ताणून झोपलं, की समजावं उतरलं. घरात लहान मुलं असतील तर त्या खोलीला बाहेरून कडी हवीच.

४. दुखणं शोधा, आणि ते आधी शोधा

मांजर दुखणं लपवतं. कुत्रा लंगडतो, कण्हतो. मांजर फक्त उडी मारायचं कमी करतं, कोपऱ्यात बसतं, आणि दुखऱ्या जागी हात लागला की चावतं. म्हणून स्वभाव बदलला की पहिली फेरी पशुवैद्यांकडे.

कारणं पुष्कळ असतात. दात किडल्यासारखे झिजून मुळं उघडी पडणं, हिरड्या सुजणं. दुसऱ्या मांजराशी भांडणात झालेली बारीक जखम वरून मिटून आत पू होणं. केसांखाली ती दिसतही नाही. कानातला संसर्ग. वयस्क मांजरांत सांधेदुखी, आणि थायरॉईड वाढल्यामुळे येणारी चिडचिड: असं मांजर भरपूर खातं तरी वाळत जातं. म्हातारपणी रक्तदाब वाढून मांजराला अचानक डोळ्यांनी दिसेनासं होतं आणि मग अंगाला हात लागला की ते दचकून चावतं.

एका गोष्टीला उद्यापर्यंतसुद्धा थांबायचं नाही. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही होत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

चेहरा बघायला शिका. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत मांडली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे अर्धवट मिटलेत का, नाकतोंडाचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. लांबून, मांजर जागं आणि निवांत असताना बघा. तो चेहरा एकदा ओळखता आला की दुखणाऱ्या मांजराला आपण "रुसलंय" म्हणत नाही.

दवाखान्यात नेताना झटापट नको. बास्केट आदल्या दिवशीच खोलीत उघडी ठेवा, आत त्याचंच जुनं फडकं आणि आवडतं खाणं. आत गेल्यावर वरून टॉवेल घाला, अंधारात ते शांत राहतं. अजिबात जवळ येऊ देत नसेल तर डॉक्टरांना आधी फोन करा, निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध ते देऊ शकतात. घरातल्या वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण तपासणीच्या टेबलावर बहुतेक मांजरं दगडासारखी गप्प बसतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल, आहेच. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात.

आणि कृपा करून स्वतःच्या मनाने औषध देऊ नका. आपल्या घरात तापाला, अंगदुखीला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधंही मांजरांना विषारी असतात.

५. दुखणं नसेल तर: कधी, कुठे, कोणावर

ठमीला काही आजार नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "चावायच्या आधी ती कुठे बघत होती?" आणि तेव्हा मला पत्र्यावरचा बोका आठवला. तिला त्याच्यावर तुटून पडायचं होतं, मध्ये काच होती, आणि माझा हात त्या भरात मिळाला. असा वळलेला राग पाळीव मांजरांत खूप दिसतो. दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल-ताशे, भांड्यांची रास कोसळणं, बाहेरच्या मांजरांची भांडणं, काहीही निमित्त होतं. चावा दहा मिनिटांनी बसला तर आपल्याला कारण दिसतच नाही आणि आपण म्हणतो, विनाकारण चावली.

म्हणून एक वही घ्या. वेळ, जागा, आसपास कोण होतं, आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, एवढंच लिहा. चार-पाच नोंदींत ओळ सापडते.

खिडकीतल्या बोक्यासाठी आम्ही काचेच्या खालच्या भागाला दुधी कागद चिकटवला आणि पत्र्यावर कोणी टाकत असलेलं उरलंसुरलं अन्न बंद करवलं. ठमीला बसायला दुसऱ्या खिडकीत, जिथून नुसतं आभाळ आणि गुलमोहर दिसतो तिथे, फळी लावली. बोका यायचा थांबला नाही, पण तिला दिसायचा थांबला.

नोंदींत "कुरवाळताना" हा शब्द वारंवार येत असेल तर तुमचं मांजर तुम्हाला आधी सांगतं आहे. पाठीची कातडी थरथरते, शेपटीचं टोक हलू लागतं, कान मागे जातात, आणि मग चावा. तीन वेळा हात फिरवा आणि थांबा. त्याने डोकं पुढे आणलं तरच पुन्हा. गाल, हनुवटी, कानामागे चालतं. पोट आणि शेपटीचं मूळ बऱ्याच मांजरांना नको असतं.

तिन्हीसांजेला किंवा पहाटे पायांवर झडपा घालणारं तरुण मांजर बहुधा रागावलेलं नसतं, शिकार करत असतं. त्याला दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या दोरीशी खेळवा आणि खेळ संपला की लगेच खाणं द्या. बोटांनी खेळवायची सवय घरातल्या सगळ्यांनी सोडायला हवी, एकानेही ठेवली तरी शिकवण फुकट जाते. नसबंदी न केलेला बोका माजावर असताना चिडका होतो, त्याला शस्त्रक्रियेने फरक पडतो. आणि पिल्लं झालेली भाटी अंगावर येत असेल तर तिच्या खोक्यापासून लांब राहायचं, बस.

दोन मांजरांपैकी एक दवाखान्यातून आलं आणि दुसरं त्याच्यावर तुटून पडलं, तर कारण वास. आलेल्याला वेगळं ठेवा, घरातल्या मांजराचं फडकं त्याच्या अंगावरून फिरवा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची ताटली ठेवा, मग दार फटीएवढं उघडा. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा.

६. पुन्हा जवळ येणं

आपलाच हात आता घाबरतो, हे मान्य करायला हवं. मला ठमीजवळ बसताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावासा वाटायचा, आणि मी तो घातला. रोज त्या खोलीत जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे. बाजूला उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे, मीठ-मसाला न घातलेले. बोलावणं नाही, हात पुढे करणं नाही. ती आली की डोळे हळूच मिटून उघडायचे. अशी संथ उघडझाप मांजरं विश्वासाची खूण मानतात.

तीन-चार आठवडे झाले, काळजीने सगळं करूनही हल्ले थांबले नाहीत, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. चिंता कमी करणारी औषधं मांजरांसाठीही असतात आणि ती काही महिने देण्यात कमीपणा नाही. सांभाळणं खरंच शक्य नसेल तर सगळं खरं सांगून दुसरं घर शोधा. मंडईत, एस. टी. स्टँडवर सोडून येणं मात्र नाही. घरात वाढलेल्या मांजराला तिथे अन्न मिळवता येत नाही, आणि उपाशी मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं हा १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

नवव्या दिवशी ठमीने वर्तमानपत्रावर पाय ठेवला. मी पान उलटलं नाही. अकराव्या दिवशी ती मांडीला टेकून बसली, आणि मी हात तसाच जमिनीवर ठेवला, तिने स्वतः गाल घासेपर्यंत.