अपघात-इजांचा सर्वे करताय? खान्देशातल्या गावांत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

दरवर्षी एमएसडब्ल्यूची, नर्सिंगची, पब्लिक हेल्थवाली पोरं-पोरी फॉर्मचा गठ्ठा घेऊन जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत फिरतात, उन्हातान्हात खरंच मेहनत करतात, आणि शेवटी रिपोर्टमध्ये येतं काय, तर "ग्रामस्थांमध्ये जनजागृतीची गरज आहे." अरे बाबा, हे वाक्य घरी पंख्याखाली बसूनही लिहिता आलं असतं ना! सर्वे करायचा तो अशासाठी की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे नेमकं काय बदलायचं, कुठली वायर, कुठल्या विहिरीचा कठडा, कुठला फाटा. हे हातात येत नाही कारण आधीच काही ठरलेल्या चुका होतात. त्या बघू.

"तुमच्याकडे कोणाचा अपघात झाला का?" असं विचारणं

गावात अपघात म्हणजे मोटारसायकल नाहीतर एसटी, बस. साप चावला, मोटरच्या स्टार्टरचा करंट बसला, कडबाकुट्टीत बोटं गेली, फवारणी करता करता चक्कर येऊन पडला, चुलीवरचं पाणी पोराच्या अंगावर सांडलं, यातलं काहीच लोक अपघातात धरत नाहीत. तुम्ही विचारता, समोरची बाई म्हणते "नही भो, सगळं बरं शे", तुम्ही शून्य लिहून पुढच्या घरी. आणि त्याच ओट्यावर म्हातारा पायाला प्लास्टर लावून बसलेला असतो, हेही होतं.

एकेक प्रकार घेऊन विचारा. पडलं का कोणी, भाजलं का, कापलं का, चावलं का, करंट, औषध, पाणी, गाडी, बैल-म्हशीनं मारलं का. अहिराणीत विचारता आलं तर फारच छान, "घरमा कोनले काही लागनं का" म्हटलं की माणूस मोकळा होतो. नंदुरबारच्या वरच्या भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पावरी नाहीतर भिली बोलणारा जोडीदार सोबत नसेल तर सरळ जाऊच नका, तिथे मराठीत नुसती मान हलवलेली उत्तरं मिळतात.

"वर्षभरात काय काय झालं" असं मोघम विचारणं

बारीकसारीक लागलेलं माणूस दोन-तीन महिन्यांत विसरतो, हाड मोडलेलं वर्षभर लक्षात राहतं, मेलेलं माणूस कायम. म्हणून किरकोळ इजेसाठी मागचे तीन महिने आणि मोठ्या इजेसाठी वर्ष, असे दोन वेगळे प्रश्न ठेवा. आणि तारखा विचारत बसू नका, इंग्रजी महिना कोणाला आठवत नाही. आखाजीच्या आधी का नंतर, कानबाई बसली तेव्हा की पोळ्याला, कापूस वेचणी चालू होती का, असं विचारलं की दिवस बरोबर सापडतो.

चुकीच्या महिन्यात जाणं

कॉलेजला सोयीचं म्हणून सर्वे जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा निम्म्या वस्तीला कुलूप असतं! चाळीसगाव, पारोळा, साक्री, नवापूर पट्ट्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला गेलेली असतात, आणि सगळ्यात जोखमीचं काम करणारी माणसं नेमकी तीच. फॉर्मवर "घर बंद" लिहून पुढच्या घरात गेलात की तुमचा सर्वे आपोआप बागायतदारांचा सर्वे होऊन जातो. साप, विहीर, फवारणी हे सगळं जून ते ऑक्टोबरचं. एकदाच जाणं शक्य असेल तर निदान बंद घरांची यादी वेगळी ठेवा, माणसं परत आली की तेवढ्यांकडे पुन्हा जा.

दवाखान्याचं रजिस्टर म्हणजेच सगळं असं समजणं

ही चूक मोठमोठे लोकही करतात. देशभरात घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारण्याचा एक मोठा अभ्यास झाला, मिलियन डेथ स्टडी म्हणतात त्याला. त्यावरून २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज निघाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले चारातले तीन तरी दवाखान्याच्या बाहेरच झालेले. भगताकडे, रस्त्यात, घरात. मग ते रजिस्टरमध्ये येणार कुठून? जळून मेलेल्यांचंही तसंच. २००१ सालचा अंदाज आहे १,६३,००० मृत्यूंचा, पोलिसांच्या आकड्याच्या सहापट, आणि त्यात निम्म्याहून जास्त बाया, त्यातही तरण्याताठ्या. "स्टोव्हचा भडका" या दोन शब्दांखाली काय काय झाकलं जातं ते खान्देशात कोणाला सांगायला नको.

म्हणून तीन ठिकाणी बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस स्टेशनची अकस्मात मृत्यूची नोंद (परवानगी काढून), आणि आशाताई. यातली आशाताई सगळ्यात भारी, तिला पाड्यावरचं सगळं माहीत असतं, पण तिला कोणी विचारत नाही, फक्त घरं दाखवायला सोबत फिरवतात.

फॉर्मवर "कारण: पडला" एवढंच लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दवाखान्याच्या कागदावर असतं "मांडीचं हाड मोडलं". आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, इजेला दोन कोड देता येतात. एक काय मोडलं त्याचा, तो एस आणि टी अक्षराचा, आणि दुसरा कशामुळे मोडलं त्याचा, तो व्ही पासून वाय पर्यंतचा. पहिला लिहिलेला असतो कारण डॉक्टरला तोच लागतो, दुसरा बऱ्याचदा कोराच. उपचार पहिल्यावर होतो पण पुढचा माणूस वाचवायचा तर दुसराच लागतो, आणि तो भरून काढायलाच तर तुम्ही गावात गेलेले आहात! तिथे जाऊन तुम्हीही "पडला" लिहिणार असाल तर मग बोलायलाच नको.

आता समजा फॉर्मवर आहे, "पुरुष, ४२, सर्पदंश, शेतात." यातून शिफारस काय निघणार, तर काळजी घ्या. पण दोन मिनिटं जास्त बसा आणि विचारत जा. किती वाजले होते? रात्रीचा एक. रात्री एक वाजता शेतात कशाला? पाणी भरायला. दिवसा का नाही भरलं? त्या आठवड्यात थ्री फेजची लाईट रात्रीची होती. पायात काय होतं? चप्पल. बॅटरी? मोबाईलची, पण मोबाईल खिशात कारण दोन्ही हात फावड्याला. चावलं नेमकं कुठे? स्टार्टरच्या पेटीपाशी, तिथे गवत गुडघाभर. नंतर कुठे नेलं? आधी मंत्रायला, मग दवाखान्यात, गाडी मिळायला तासभर गेला.

बघा आता केवढी दारं उघडली. त्या फीडरला, म्हणजे त्या शेतांना वीज देणाऱ्या लाईनला, दिवसा लाईट मागता येते, राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहेच आणि तिचा उद्देशच शेतीला दिवसा वीज हा. पेटीभोवतीचं गवत काढणं तर एका सकाळचं काम. गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी. जवळच्या केंद्रात सापाचं औषध आहे का आणि रात्री कोण असतं. सर्पदंशाचे असे चार-पाच फॉर्म एकाच फीडरवरचे निघाले तर वीज कंपनीकडे घेऊन जायला तुमच्याकडे कागद आहे, नाहीतर नुसती तक्रार. साप तर काय, सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत सगळीकडे असणारच.

तसंच पोहायला गेला बुडाला, फवारणीनं विष चढलं, ट्रॉलीला मागून धडकला. प्रत्येक ठिकाणी विचारायचं की माणूस काय करत होता, हातात-पायात काय होतं, ती वस्तू कशी होती, उजेड होता का, आणि नंतरच्या पहिल्या तासात काय झालं. अमेरिकेत विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने १९७० च्या आसपास हाच विचार एका तक्त्यात बसवला, उभ्या बाजूला घटनेच्या आधी-दरम्यान-नंतर आणि आडव्या बाजूला माणूस, वस्तू, आजूबाजूची परिस्थिती. नऊ-बारा चौकोन होतात. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला हाताने आखला तरी चालतो.

सासूसमोर सुनेला मारहाणीबद्दल विचारणं

हे करूच नका, अजिबात नको. खरं उत्तर मिळत नाही हा प्रश्न वेगळाच, तुम्ही निघून गेल्यावर तिला त्याच घरात राहायचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचव्या फेरीत लग्न झालेल्या दर १०० बायांमागे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक मार सोसल्याचं सांगितलं) हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात, आणि एकांत मिळाला नाही तर न विचारताच पुढे, असा नियम आहे. मोठ्या सरकारी सर्वेला जो नियम लागतो तो तुम्हाला का नको?

विचारणारी बाईच पाहिजे, शक्यतो त्याच गावची नको कारण गावात बातमी पसरते. गावात सांगताना "महिलांचं आरोग्य" एवढंच सांगा, हिंसेचा सर्वे असं ओरडत फिरू नका, पण त्या बाईला मात्र एकांतात खरं काय ते आधी सांगायचं आणि ती हो म्हणाली तरच पुढे जायचं. कोणी मधेच आलं तर लगेच लसीकरणाच्या प्रश्नांवर उडी मारायची, त्यासाठी दोन-चार साधे प्रश्न पाठ ठेवा. फॉर्मवर नाव नको. आणि तिने सांगितलंच तर पुढे काय, हे आधी ठरलेलं पाहिजे, १८१ हेल्पलाईन, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी तुमच्या तालुक्यात कोण आहे, कुठे बसतो, फोन उचलतो का. नुसतं ऐकून घेऊन टिक मारून येणं बरं नाही. आणि हो, एथिक्स कमिटीची मंजुरी नसेल तर हा भाग फॉर्ममधून काढूनच टाका.

सरकारी व्याख्येत बसत नाही म्हणून सोडून देणं

रस्त्याचा ब्लॅकस्पॉट, म्हणजे पुन्हा पुन्हा अपघात होणारी जागा, ठरवायला केंद्राचा नियम साधारण असा, की ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. तुमच्या गावच्या फाट्यावर चार झाले असतील तर तो यादीत नाही! म्हणजे पाचव्याची वाट बघायची काय? महामार्ग ५३ ला लागून असलेल्या गावांत, धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव-भुसावळ कुठेही, थोडक्यात वाचलेल्यांचेही प्रसंग लिहून घ्या. शाळा सुटायच्या वेळी नाहीतर बाजाराच्या दिवशी फाट्यावर तासभर उभं राहिलं तरी बरंच दिसतं.

आपत्तीत फक्त त्याच दिवशीचे मेलेले मोजणं

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी घुसलं, त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी आल्या. अशा वेळी वाहून गेलेल्यांची गणती होते, पण नंतर चिखल काढताना पत्रा लागणं, ओल्या भिंतीचा करंट, घरात शिरलेले साप, हे पुढचे पंधरा दिवस चालूच असतं आणि ते कोणी लिहीत नाही. अफवेचंही तसंच. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ आग लागल्याच्या नुसत्या बोलण्यावरून पुष्पक एक्सप्रेसमधून लोक रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग नव्हतीच. असं काही अभ्यासताना "प्रवाशांची चूक" लिहून मोकळं होऊ नका, उतरणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होतं आणि कोण सांगू शकलं असतं ते विचारा.

उन्हाचं तर वेगळंच, कारण उष्माघात असा शब्द दाखल्यावर क्वचितच येतो, म्हाताऱ्याचं "हार्ट" लिहितात. अहमदाबादने काय केलं, मे २०१० मध्ये एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती जास्त झाले ते मोजलं, १,३४४ जास्त निघाले, आणि त्यावरून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला. भुसावळ-जळगावचा पारा माहीत असूनही आपण दाखल्यावरचा शब्दच शोधत बसतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरमधून एप्रिल-मेचे सगळे मृत्यू तारखेवार काढा, शेजारी त्या दिवसाचं तापमान लिहा. एका गावाचे आकडे थोडे पडतील, पूर्ण तालुक्याचे घ्या.

आणि शेवटी पुन्हा तीच जनजागृती

श्रीलंकेत विष पिऊन मरणाऱ्यांचं प्रमाण भयंकर होतं. १९९५ पासून त्यांनी सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. बांगलादेशात लहान पोरं घराजवळच्या डबक्यांत बुडायची, अभ्यासात दिसलं की जास्त करून सकाळी ९ ते दुपारी १, आई कामात असताना, मग त्याच वेळेत गावातच पोरं सांभाळायची सोय केली. आयांना भाषण देत बसले नाहीत. आपल्याकडे अंगणवाडी आहेच की, कापूस वेचणीच्या दिवसांत ती किती वाजता बंद होते आणि आई किती वाजता शेतातून येते, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तरी एक पानाचा रिपोर्ट होतो.

रिपोर्ट कॉलेजात जमा करून थांबू नका, ग्रामसभेत न्या. १५ ऑगस्टला मोठी सभा असते पण तेव्हा लोकांचं लक्ष निंदणी-फवारणीकडे, त्यापेक्षा १ मे बरी, ऊसतोडवाले परत आलेले असतात. इंग्रजी टेबलं नकोत, गावाचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर लाल टिकल्या. सोबत मागणीचा अर्ज आधीच लिहून न्या, वीज कंपनीला एक, बांधकाम विभागाला एक, आणि सह्या तिथल्या तिथे घ्या.